खातं फ्रीझ झालं तर आधी कारण लेखी घ्या
दिवाळखोरीचा अर्ज करायच्या बेतात असताना खातं फ्रीझ झालं तर काउंटरवर वाद घालू नका, कोर्टाची जप्ती आहे की बँकेनेच थकलेल्या कर्जापोटी लिएन (खात्यातले पैसे अडवून ठेवायचा हक्क) लावलाय ते लेखी घ्या, दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. जप्ती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा, पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही (पोटगीचा हुकूमनामा सोडून), सरकारी पेन्शन, पीपीएफ पण सुटतं, फक्त कोर्टात अर्ज तुम्हालाच टाकावा लागतो. पासबुकात पगाराची एंट्री असलेल्या पानांची झेरॉक्स जोडाच. लिएन असेल तर पुढचा पगार कर्ज नसलेल्या बँकेत वळवा, आणि ते खातं दिवाळखोरीच्या अर्जात दाखवा. मेव्हण्याच्या नावावर पैसे मात्र फिरवू नका, कोर्ट असे व्यवहार रद्द करू शकतं.