बोलता येईल इतक्या वेगाने: डिप्रेशनमधून सावरताना धावायला सुरुवात कशी करावी

पहिल्या दिवशी मी ११ मिनिटांत घरी परत आलो. त्याआधी बुटांच्या नाड्या बांधायलाच पाचेक मिनिटं लागली होती. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालत गेलो, बंद शटरकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो आणि माघारी वळलो. बायकोने काही विचारलं नाही, चहाचं आधण ठेवलं. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "सकाळी उजेडात जरा बाहेर पडत जा." धावण्याचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

त्यानंतर मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीनदा धावलो. यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि त्याच वाटेने उतरून यायचं, असे २१ किलोमीटर. लोक घाटाचं कौतुक करतात. मला विचाराल तर गिरणीपर्यंतची फेरी जास्त अवघड होती.

ज्यांचे उपचार चालू आहेत, जरा पाय टेकलेत आणि आता धावणं, सायकल किंवा पोहणं असं काही लांब पल्ल्याचं सुरू करावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी धावतो म्हणून उदाहरणं धावण्याची.

आधी डॉक्टर, मग बूट

सायकियाट्रिस्टना स्पष्ट विचारा: "मी धावायला सुरुवात करतोय, माझ्या गोळ्यांमुळे काय सांभाळू?" थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. यातलं काही कमी-जास्त असेल तर जो थकवा आपण मनाच्या खात्यावर मांडतो, तो निम्मा शरीराचा निघू शकतो. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, तर ईसीजीचंही विचारा.

व्यायामाचा उपयोग होतो, ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पन्नाशीच्या पुढच्या, डिप्रेशन असलेल्या १५६ जणांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना गोळी दिली, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखीच दिसली. आता यातून "मग गोळ्या कशाला" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही झाला होता, त्याची गोष्ट पुढे येईल. पण त्या अभ्यासातली माणसं स्वतःच्या पायांनी व्यायामाला येऊ शकत होती. जेव्हा अंथरुणातून उठणंच होत नाही, तेव्हा आधी उठवायचं काम बहुधा गोळीलाच करावं लागतं.

पहिले पंधरा दिवस: फक्त उंबरा ओलांडायचा

धावायचं नाही. रात्री कपडे आणि बूट दाराशी काढून ठेवायचे, सकाळी घालायचे, बाहेर पडायचं. दहा मिनिटं चाला, पाच मिनिटं चाला, गिरणीपर्यंत जाऊन या. "उत्साह वाटला की सुरू करू" म्हणाल तर पावसाळा निघून जाईल. या आजारात उत्साह आधी येत नाही, पाय हलल्यावर कधीतरी मागून येतो. कधी येतही नाही. तरी त्या दिवसाची फेरी झालेली असते.

घरात एक कॅलेंडर असतंच, दुधाचा हिशोब लिहितो ते. त्यावर तीन खुणा करा: गोळी घेतली, झोप झाली, बाहेर पडलो. किलोमीटर लिहू नका. माझं ते कॅलेंडर अजून आहे. पहिल्या महिन्यात तिसरी खूण नऊच दिवस आहे. ते पान मी डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी नऊ मोजले, माझ्या डोळ्यांना राहिलेले एकवीसच दिसत होते.

वेग: सगळी मेख इथे आहे

तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट सावकाश धावा, दोन मिनिटं चाला. असं सात-आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं धाव, दोन चाल. मग तीनास एक. घाई नको. तीन-चार महिन्यांत न थांबता अर्धा तास धावता आलं तर उत्तम, सहा महिने लागले तरी उत्तम.

किती सावकाश? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मनाचे श्लोक म्हणा किंवा पाढे म्हणा. मधेच धाप लागून शब्द तुटला की वेग जास्त झाला, चालायला लागा. घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. घबराट कमी करायला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात, घड्याळ सांगेल "अजून पळ" आणि छाती सांगेल "बस". छातीचं ऐका.

या वेगाचा दुसराही उपयोग आहे, तो मला वर्षभराने कळला. बोलता येईल इतक्या वेगाने धावलं की माणसं बोलतात. समोरासमोर बसून, डोळ्यात बघून जे तोंडातून निघत नाही, ते शेजारी धावताना, नजर रस्त्यावर असताना निघतं. आपल्याकडे हे नवीन नाही. माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चालून बघा. टाळांच्या ठेक्यावर पावलं पडत असतात, शेजारची अनोळखी बाई सुनेपासून कर्जापर्यंत सगळं सांगून मोकळी होते, आणि "तुमचा पेस किती" असं कुणीही विचारत नाही.

म्हणून पहिले सहा महिने वेगवान ग्रुपच्या वाटेला जाऊ नका. सकाळी साडेपाचला भेटून एकमेकांची टायमिंगं काढणारे ग्रुप गावोगाव आहेत. चांगले लोक असतात, पण आजारातून उठलेल्या माणसाला तिथे पुन्हा मागे पडल्यासारखं वाटतं. हळू चालणारा एकच सोबती बघा. माझा सोबती साठीतले निवृत्त पोस्टमन होते. साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाच्या चढावर ते हटकून थांबत, कारण त्यांना तिथून शहर बघायचं असे.

बुटांबद्दल एकच: रनिंगचे म्हणून मिळणारे, पुढे अंगठाभर जागा राहील असे घ्या, संध्याकाळी घ्या. दहा हजारांचे लागत नाहीत.

गोळ्या, ऊन आणि पाणी

धावण्याच्या पुस्तकांत सहसा नसतं म्हणून इथे सविस्तर.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर सर्वांत जास्त सावध राहा. घाम गेला, पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं आणि ते विषारी पातळीला जाऊ शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठा. गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका, तीही लिथियम वाढवते. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांबरोबरही या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा विचारूनच घ्या.

काही गोळ्यांमुळे घाम फार येतो, काहींमुळे कमी येऊन अंग तापतं. मार्च ते मे सूर्य वर यायच्या आत घरी या. आणि उलट बाजू: भीतीपोटी लिटरवर लिटर साधं पाणी पिऊ नका. डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम आधीच उतरू शकतं, त्यात नुसत्या पाण्याचा मारा झाला तर ते आणखी घसरतं. तहान लागेल तसं प्या. तासाच्या वर धावणार असाल तर लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस बरोबर ठेवा. मीठ-पाण्यावर पथ्य असेल तर हेही डॉक्टरांना विचारून.

रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी राहत असेल तर पहाटेचा हट्ट सोडा, संध्याकाळी धावा. आता माझी चूक. पहिल्या हाफच्या आदल्या रात्री मी गोळी घेतली नाही, सकाळी जड वाटू नये म्हणून. शर्यत मस्त झाली. मग वाटलं, आजही नको. असं करत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, चिडचिड, आणि संध्याकाळी पुन्हा तीच गिरणी, तेच शटर. मेडल खुंटीला लटकत होतं. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टर बदलून देतात. एक फोन पुरला असता.

धावणंच दुखणं होतं तेव्हा

ताप आहे, पोटरी दुखतेय, घरात बारसं आहे, तरी धावलं नाही तर जीव कासावीस होतो. खाल्लेलं जाळायचं म्हणून धावतोय. पल्ला वाढतोय आणि झोप, भूक, हुरूप घटतोय. यातलं काही जाणवलं तर आठवडाभर थांबा आणि डॉक्टरांशी बोला. अति सरावाचा थकवा आणि डिप्रेशन इतके सारखे दिसतात की आपलं आपल्याला ओळखू येत नाही.

बायपोलर (मूड कधी फार खाली, कधी फार वर जाण्याचा आजार) असलेल्यांनी उलट बाजूकडे लक्ष ठेवावं. तीन-चार तास झोपून टवटवीत वाटणं, एकदम फुल मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन, तीन जोड बूट ऑनलाइन मागवणं: घरच्यांना आधीच सांगून ठेवा की असं दिसलं तर मला टोका. पहाटे दोनला उठून गाठायच्या शर्यती शक्यतो टाळा. झोप मोडणं हेच त्या आजारात ठिणगीचं काम करू शकतं.

वाईट दिवसासाठी लहानात लहान फेरी ठरवून ठेवा. माझी अजूनही गिरणीपर्यंतच आहे.

शर्यत, आणि शर्यतीनंतरचा सोमवार

वर्षभर तरी पाच-दहा किलोमीटरवर समाधान माना. त्यानंतर घाटाची हौस असेल तर साताऱ्यासारखी पावसाळ्यातली शर्यत, सपाट हवी तर मुंबईची जानेवारीतली, पेडर रोडचा चढ वगळता. सायकलवाल्यांना ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, खुणावतं: २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. ते तरी दिवसात आटपतं. ४०० आणि ६०० च्या रात्री जागवतात, तिथे वरचा झोपेचा परिच्छेद पुन्हा वाचा.

शर्यतीनंतर रिकामं वाटतं. निरोगी धावपटूंनाही वाटतं, आपल्याला जास्त. त्या आठवड्यात डॉक्टरांची किंवा काउन्सेलरची वेळ आधीच घेऊन ठेवा.

दुसऱ्यांना सांगायचं तर

सावरल्यावर वाटतं, हे बोललं पाहिजे. बोला, पण फिनिश लाइनच्या भरात फेसबुकवर नको. एकदा टाकलेलं परत घेता येत नाही. आधी घरच्यांना विचारा, नोकरीच्या ठिकाणी काय होईल याचा अंदाज घ्या, आणि किती सांगायचं ते ठरवा. आजाराचं नाव सांगितलं म्हणजे सगळी कहाणी सांगायला बांधील झालो असं नाही.

"धावलो आणि बरा झालो" हे वाक्य कृपा करून वापरू नका. ते ऐकून कुणीतरी गोळ्या बंद करतो. गोळ्या, काउन्सेलिंग, बायको, रजा देणारा साहेब, धावणं: सगळ्यांची नावं घ्या. आत्महत्येबद्दल बोलायची वेळ आली तर पद्धत, जागा, तपशील सांगू नका, मदत कुठे मिळते ते सांगा. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. आमच्या ग्रुपच्या टी-शर्टवर पाठीमागे हा नंबर छापलाय. मागून धावणाऱ्याला तो तासभर वाचावाच लागतो!

आणखी काही करता येईल. दर महिन्याला ग्रुपमध्ये गुडघ्यांवर बोलायला फिजिओ येतो, एखाद्या रविवारी सायकियाट्रिस्टला बोलवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये आपल्या आवडीच्या संस्थेसाठी निधी गोळा करता येतो, मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था निवडा. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लोकांना सांगा. शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजारालाही विमा संरक्षण मिळालं पाहिजे असं त्यात लिहिलंय, पण पॉलिसी असणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

बाकी मोठी भाषणं एकीकडे, खरं काम रविवारच्या लाँग रनमध्ये होतं. शेजारचा बोलायला लागला तर वेग कमी करा, घड्याळ बंद करा. सल्ला देऊ नका. फारच खचल्यासारखा वाटला तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना फोन, डॉक्टर किंवा १४४१६, तिथूनच.

गेल्या श्रावणात यवतेश्वरच्या घाटात धुकं होतं, दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. आमच्यातला एक जण, कायम पुढे पळणारा, त्या दिवशी माझ्याबरोबर मागे राहिला होता. पहिल्या वळणापर्यंत पावसावर बोलला. दुसऱ्या वळणावर कठड्याला हात टेकून थांबला, नाडी बांधायला वाकला आणि वर न बघताच म्हणाला, "दादा, तुमचे ते डॉक्टर नवीन पेशंट घेतात का?"

मी त्याला फोन नंबर दिला. मग आम्ही चालतच वर गेलो.