कंटूर आलेखासाठी इनपुट तयार करताना: प्रतल, ग्रिड आणि पातळ्या

रेणूच्या इलेक्ट्रॉन घनतेचा किंवा एखाद्या ऑर्बिटलचा कंटूर आलेख (समान मूल्याचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा आलेख) काढायचा झाला की नवशिक्यांचे लक्ष आधी रंगांकडे आणि रेषांच्या जाडीकडे जाते. प्रत्यक्षात आलेख खरा निघणार की फसवा, हे त्याच्या बरेच आधी, प्रतल निवडून त्याचे सहनिर्देशक लिहिताना ठरलेले असते.

सुरुवात तरंगफलनाच्या (रेणूतील इलेक्ट्रॉनांचे गणिती वर्णन करणाऱ्या फलनाच्या) फाइलपासून करावी. गॉसियन या रेणुगणनेच्या सॉफ्टवेअरची चेकपॉइंट फाइल फॉर्मचेक या साधनाने मजकूर स्वरूपात आणून क्यूबजेनला दिली जाते आणि ते क्यूब फाइल, म्हणजे ग्रिडच्या बिंदूंवरच्या मूल्यांची फाइल, तयार करते, तर ओर्का या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीबीडब्ल्यू फाइल थेट ओर्का-प्लॉटला देता येते. मात्र हार्ट्री-फॉक या मूळ पद्धतीवर सुधारणा करणाऱ्या एमपी२ पद्धतीने नुसती ऊर्जा काढली असेल, तर वेगळी सूचना दिल्याशिवाय गॉसियन हार्ट्री-फॉक पातळीवरचीच घनता ठेवतो, आणि आलेखाखाली ‘एमपी२ घनता’ असे लिहिणे मग चुकीचे ठरते.

यानंतरचा टप्पा सर्वांत जास्त काळजीचा आहे. आपण दिलेली रेणूची मांडणी गॉसियन जशीच्या तशी ठेवत नाही. सममिती ओळखून तो रेणू प्रमाण मांडणीत फिरवतो आणि ऑर्बिटले त्याच मांडणीत साठवतो. म्हणून प्रतलासाठी लागणारे सहनिर्देशक आपल्या मूळ इनपुटमधून उचलू नयेत, आउटपुटमधील प्रमाण मांडणीच्या तक्त्यातून घ्यावेत. पाण्याचे उदाहरण घेऊ. प्रमाण मांडणीत पाण्याचा रेणू वाय-झेड प्रतलात येतो: ऑक्सिजन (०, ०, ०.११७३) येथे आणि दोन हायड्रोजन (०, ±०.७५७२, −०.४६९२) येथे, सर्व आकडे अँगस्ट्रॉममध्ये. एकूण घनता दाखवायची असेल तर एक्स = ० हेच प्रतल योग्य. परंतु त्याच प्रतलात सर्वोच्च भरलेले ऑर्बिटल काढू पाहिले तर पान कोरे येते, कारण ते ऑक्सिजनचे रेणूच्या प्रतलाला लंब असलेले पी-ऑर्बिटल आहे आणि रेणूचे प्रतल हेच त्याचे शून्यप्रतल, म्हणजे जिथे त्याचे मूल्य शून्य असते ते प्रतल, आहे. अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी वाय = ० हे प्रतल घेऊन पाहावे. बेंझिनच्या पाय-ऑर्बिटलांसाठी रेणूच्या प्रतलाला समांतर, सुमारे १ बोर (अंतराचे आण्विक एकक) वरचे प्रतल घेण्याची पद्धत आहे.

एककांचा घोळ येथेच होतो. आउटपुटमधील तक्ता अँगस्ट्रॉममध्ये असतो, तर मजकूर स्वरूपातील चेकपॉइंट फाइल आणि बहुतेक क्यूब फाइली बोरमध्ये असतात. १ बोर म्हणजे ०.५२९१७७ अँगस्ट्रॉम. त्यामुळे वरच्या ऑक्सिजनचा झेड-सहनिर्देशक बोरमध्ये ०.२२१७ होतो. क्यूबच्या व्याख्येत बिंदूंच्या संख्येपुढचे ऋण चिन्ह एकक सुचवते खरे, पण या चिन्हाचा अर्थ सर्वत्र एकसारखा लावला जात नाही, तेव्हा तयार झालेल्या फाइलच्या शीर्षातील अणूंची अंतरे एकदा हाताने पडताळणे बरे.

ग्रिडचे गणित सोपे आहे. पाण्यासाठी (०, −५, −५) बोर हा कोपरा, ०.१ बोरची पायरी आणि वाय व झेड दिशांना प्रत्येकी १०१ बिंदू पुरेसे होतात. १०१ ऐवजी १०० लिहिले तर ग्रिड ४.९ वरच थांबते आणि सममित रेणूचा आलेख एका बाजूला तुटका दिसतो. घनतेच्या लाप्लासियनसाठी (तिच्या दुसऱ्या अवकलजांच्या बेरजेसाठी) मात्र पायरी आणखी बारीक हवी, कारण केंद्रकाजवळ त्याचे मूल्य फार वेगाने बदलते.

पातळ्या समान अंतराने घेऊ नयेत. ऑक्सिजनच्या केंद्रकावर घनता आण्विक एककांत शेकड्यांत असते, तर बंधाच्या भागात ती १ पेक्षा कमी असते. समान अंतराने वीस रेषा काढल्या तर सगळ्या केंद्रकाभोवती गोळा होतात आणि बंध दिसतच नाही. म्हणून घनतेसाठी ०.००२, ०.००४, ०.००८, ०.०२, ०.०४, ०.०८ अशी चढती मालिका वापरतात, आणि रेणूची बाह्य सीमा दाखवण्यासाठी ०.००१ ची रेषा जोडतात. ऑर्बिटलसाठी ±०.०२, ±०.०४, ±०.०८ अशा जोड्या घ्याव्यात, धन भाग सलग रेषेने व ऋण भाग तुटक रेषेने दाखवावा आणि शून्याची रेषा वेगळी ठेवावी. जड अणूवर छद्मविभव (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी घेतलेले विभव) वापरले असेल तर केंद्रकापाशी घनतेचे शिखर न दिसता खळगा दिसतो; आतले इलेक्ट्रॉन गणनेतच नसल्यामुळे तो तसा दिसणे अपेक्षितच आहे.

घनतेतील फरकाचा आलेख काढताना संकुल आणि त्याचे तुकडे या सर्वांसाठी तेच ग्रिड आणि तेच अणुस्थान हवे. प्रत्येक तुकडा स्वतंत्र गणनेत आपापल्या प्रमाण मांडणीत फिरतो, म्हणून अशा सर्व गणनांत नोसिम हा शब्द देऊन फिरवणे बंद करावे, पहिल्या क्यूबची ग्रिड-व्याख्या पुढच्या क्यूबना जशीच्या तशी द्यावी, आणि मगच क्यूबमॅनसारख्या साधनाने वजाबाकी करावी.