नवतपा तोंडावर: आधी सावली, मग पाणी, मग चारा

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, बसतो. अकोला, वर्धा, चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांवर जाणं आपल्याला नवं नाही. पण दोन ढोरं, चार शेळ्या, दहा-बारा गावरान कोंबड्या आणि मागची परसबाग एवढाच ज्यांचा पसारा, त्यांच्याकडं एक जनावर गेलं तरी वर्षाचा हिशेब बिघडतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या टिनाच्या खुराड्यात एका दुपारी तीन कोंबड्या गेल्या. पाणी ठेवलेलं होतं, पण बोट बुडवलं तर चटका बसला. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. हे दिसलं की लगेच सावलीत न्या. आता माझं खुराडं कडुनिंबाखाली आहे, भर दुपारी कोंडणं बंद आहे आणि मातीच्या पसरट भांड्यातलं पाणी तीनदा बदलतो. दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावरच टाकतो, कारण दाणा पचतानाही अंगातली उष्णता वाढते.

गोठ्याच्या टिनांवर तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) किंवा धानाची तणस जाड पसरा, दुपारी त्यावर पाणी शिंपा. चूल मात्र तिथून लांब हवी. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) नको, तिच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. सकाळी सावलीत ठोकलेला खुंटा दोन वाजता उन्हात असतो, म्हणून दुपारी एक चक्कर माराच. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, तिच्या अंगावर दिवसातून दोन-तीनदा पाणी टाका. शेळ्या सकाळी दहाच्या आत चारून आणा.

घटसर्प, फऱ्या आणि शेळ्यांच्या आंत्रविषाराची लस अजून टोचली नसेल तर आता टाळू नका. अंगात रोगाशी लढायची ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि मृग दूर नाही. सकाळच्या गारव्यातच टोचून घ्या.

परसबागेत पपई, शेवग्याच्या आळ्यात कुटार पसरा, न्हाणीचं पाणी तिकडं वळवा. दोडकी, कारली, भोपळ्याचे खड्डे आताच खणून तापू द्या. शेणखत चांगलं कुजलेलंच घाला, कच्च्या शेणात मुळं खाणारी हुमणी अळी वाढते. उकिरडा उकरताना कोंबड्या सोडा, अळ्या त्या आवडीनं टिपतात.

आणखी एक. अवकाळी सर पडली की ज्वारीच्या धसकटांना कोवळे हिरवे पोंगे फुटतात. सुका चारा खाऊन कंटाळलेलं जनावर तिकडं धावतं आणि किराळ लागते, म्हणजे त्या कोवळ्या पोंग्यांतलं विष चढतं: तोंडाला फेस, धाप, झोकांड्या, आणि थोड्याच वेळात खेळ आटोपतो. त्या वावरात ढोरं सोडू नका. लक्षणं दिसलीच तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता पशुवैद्यकाला फोन करा.