आईचा डावा हात आणि आरसा

आईला अर्धांगवायूचा झटका आला. गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून डावा हात लुळा. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत आम्ही जो आरशाचा व्यायाम केला, तो सांगते. आधी तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारा.

फूटभर उंच आरसा टेबलावर रुग्णाच्या छातीच्या मधोमध उभा करा, काच चांगल्या हाताकडे. लुळा हात आरशामागे, अजिबात दिसता कामा नये. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. दोन्ही हात सारखेच दिसले पाहिजेत. आता चांगल्या हाताची मूठ सावकाश उघडायची, मिटायची आणि नजर आरशातल्या हातावर ठेवायची. आई पहिल्यांदा दचकलीच. "अगं, हलतोय की!" पंधरा मिनिटं रोज. थकली की थांबायचं.

मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनांवर ही युक्ती वापरली, पुढे ती अर्धांगवायूतही आली. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी एकमेकींशी नवे जोड बांधतात. त्यासाठी हात वापरात राहायला हवा.

एक चूक आमच्याकडून झाली, तुम्ही करू नका. आईला उठवताना लुळा दंड धरून ओढला. खांदा महिनाभर दुखला. पाठीमागून, कमरेला आधार द्या.

मटार सोलायला बसलो की टोपलं मुद्दाम तिच्या डाव्या हाताशी ठेवायचे. चौथ्या महिन्यात तिने शेंगेचं टोक चिमटीत धरलं.