गॅस लीक झाला की खिडकी उघडायची का बंद करायची? या चुका टाळा

आम्ही बदलापूरला एमआयडीसीच्या बाजूला राहतो, त्यामुळे रात्री उग्र वास येणं काही नवीन नाही. पण मागे एकदा असा वास आला की डोळ्यातून पाणी, घसा चरचरतोय, आणि बायकोने काय केलं तर धडाधड सगळ्या खिडक्या उघडल्या. का तर सिलेंडर लीक झाला की उघडतात ना! लोक चुकतात ते नेमकं इथेच. गळती घरातली असेल तर उघडायचं, बाहेरची असेल तर बंद करायचं.

बाहेर केमिकल सुटलं असेल तर दारं-खिडक्या, एक्झॉस्ट, कूलर, एसी सगळं बंद, दाराखाली ओला टॉवेल. आणि बाथरूमची ती काचपट्ट्यांची खिडकी, जी सगळे विसरतात, तिला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी.

दुसरी चूक म्हणजे वाट फुटेल तिकडे पळणं. भोपाळला १९८४ साली २-३ डिसेंबरच्या रात्री कितीतरी लोक वायू ज्या दिशेला जात होता त्याच दिशेला पळाले, पळताना दम लागतो आणि श्वास जास्त घेतला जातो, म्हणजे विषही जास्त. प्रशासनाने निघा सांगितलं तर आधी दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते बघा आणि वाऱ्याला आडवं निघा. आणि खाली पार्किंगमध्ये जमून गप्पा नकोत, क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात, बेसमेंटमध्ये साचतो, त्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. डोळे चुरचुरत असतील तर चोळू नका, साध्या पाण्याने पंधरा मिनिटं तरी धुवा.

आता घरातला गॅस. इथे हात आपोआप बटणाकडे जातो, लाइट लावायला नाहीतर एक्झॉस्ट चालू करायला, आणि ठिणगी तिथेच पडते. चालू असलेला लाइटही बंद करू नका, जे जसं आहे तसं राहू द्या. रेग्युलेटर बंद करा, पाइप गॅस असेल तर व्हॉल्वचा दांडा पाइपला आडवा करा (पाइपच्या रेषेत उभा म्हणजे चालू), दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडून मग फोन, सिलेंडरसाठी १९०६, नाहीतर सरळ ११२.

रस्त्यात जेसीबीने गॅसलाइन फोडली की अर्धी गल्ली मोबाइल काढून शूटिंगला हजर, कोणी त्यावर माती टाकतं, कोणी तिथूनच बाइकला किक मारतं. लांब व्हा बाबांनो! आणि पाइपच्या तोंडाशी जाळ लागला असेल तर पाणी मारून विझवायला जाऊ नका, जाळ विझतो पण गॅस येतच राहतो, साचतो आणि मग भडका होतो. मागून व्हॉल्व बंद करणं कंपनीवाल्यांचं काम.

त्या रात्री पहाटे चारला अग्निशमनवाले आता मोकळं आहे म्हणून सांगून गेले, तेव्हा बायकोने परत सगळ्या खिडक्या उघडल्या, आत अडकलेला वास जायला. या वेळी बरोबर.