अँजिओप्लास्टीनंतर पुन्हा छातीत दुखतंय? या चुका टाळा

"स्टेंट टाकलाय ना, मग हृदयाचं कसं असेल? गॅस झाला असेल." असं म्हणून ओवा चावायचा किंवा ईनो घ्यायचं, ही पहिली चूक. स्टेंटमुळे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या बारीक जाळीमुळे, एका जागचा अडथळा मोकळा होतो, आजार जात नाही. तीच जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ शकते, दुसरीकडे नवा ब्लॉकेज येऊ शकतो.

दुखणं श्रमाशी जोडलेलं आहे का, ते बघा. पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या चढताना किंवा डिसेंबरच्या पहाटे तळजाई टेकडीवर चालताना छाती आवळते आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरते, तर अंजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्याचा, संशय घ्यावा. बोटाने दाखवता येणारं, दाबल्यावर वाढणारं दुखणं बहुधा स्नायूंचं किंवा बायपासनंतर छातीच्या हाडाचं असतं. मधुमेह्यांनी मात्र यावर विसंबू नये, त्यांना कधीकधी नुसता दम लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक गोळ्यांची. दात काढायचाय म्हणून क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी परस्पर बंद केली, की स्टेंटमध्ये गुठळी होऊन थेट हार्ट अटॅक येऊ शकतो. हार्ट अटॅकनंतर या गोळ्या अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने साधारण १२ महिने चालतात. डेंटिस्ट काहीही म्हणोत, आधी कार्डिओलॉजिस्टना फोन करा. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते. लग्नकार्याच्या गडबडीत रात्रीची नेमकी राहते.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी उभ्याने घेऊ नका, बीपी उतरून चक्कर येते. बसा, गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा प्रकारची) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नको. संकोच न करता डॉक्टरांना सांगा. पाच मिनिटांत आराम नाही, घाम फुटलाय किंवा बसल्या जागी दुखतंय, तर १०८ला फोन करा. स्कूटर काढून लक्ष्मी रोडच्या गर्दीतून स्वतः दवाखाना गाठायचं धाडस पुण्यात बरेच जण करतात, कृपया करू नका.

उलट टोकही आहे. अँजिओग्राफी चांगली आली म्हणजे "मनाचे खेळ" असं घरच्यांनी ठरवून टाकायचं. पण त्या फिल्ममध्ये न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांमुळेही छातीत दुखतं, आणि त्यावर बीटा ब्लॉकर, निकोरँडिल, रॅनोलाझिन अशी औषधं आहेत. प्रत्येक वेळी नवा स्टेंटच लागतो असं नाही. डॉक्टरांना "अधूनमधून दुखतं" एवढंच सांगू नका. किती जिने चढल्यावर दुखलं, किती मिनिटं टिकलं, जेवणानंतर होतं का आणि मागच्या महिन्यापेक्षा लवकर सुरू होतं का, हे वहीत लिहून न्या.