मनकवड्याशी गाठ : जुन्या सहकाऱ्यांची विनोदी विज्ञानकथा कशी लिहावी

निवृत्तीनंतर पांगलेली मंडळी एका अतींद्रिय संकटामुळे पुन्हा एकत्र येतात, हा विनोदी साहसकथेचा जुना पण टिकाऊ साचा आहे. तो बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: खलनायकाची शक्ती लेखकाच्या सोयीने वाढते आणि सोयीनेच ओसरते. म्हणून आधी शक्तीचा नियम बांधून घ्यावा आणि विनोद व शेवट दोन्ही त्या नियमातूनच काढावेत. उदाहरणादाखल गोव्यातील एक कथा आपण रचत जाऊ.

पहिली पायरी माणसांची. ही मंडळी पूर्वी कोणत्या कामात एकत्र होती, हे नेमके ठरवावे. १९६६मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावला येथे आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. खऱ्या मोहिमेतील व्यक्तींना कथेत ओढू नये. त्यानंतरच्या एखाद्या काल्पनिक सफरीत एकाच जहाजावर कोंडलेले चौघे घ्यावेत: पाण्याची क्षारता मोजणारी शास्त्रज्ञ, यंत्रे दुरुस्त करणारा, हिशेबनीस आणि आचारी. आज ते साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्यापैकी दोघे प्रवासभत्त्याच्या वादावरून एकमेकांशी बोलत नाहीत. हा वाद जपून ठेवावा, पुढे तो फार कामाचा आहे.

दुसरी पायरी नियमाची, आणि येथे घाई करू नये. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरी प्रथम नोंदवल्या, आणि विचारसंक्रमणावरील विश्वासाने त्यांना त्या वाटेला लावले होते; मात्र त्या लहरींतून दुसऱ्याचे विचार आपोआप कळतात, असे विज्ञानाने कधीही सिद्ध केलेले नाही. त्यामुळे नियम आपणच रचायचा आहे. आपला मनकवडा रेडिओसारख्या लहरींनी विचार टिपतो, असे मानू. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने नेहमीच्या रेडिओलहरी समुद्रात फार खोल जात नाहीत. म्हणजे खाऱ्या पाण्यात बुडी मारणाऱ्याचे मन त्याला वाचता येत नाही. मेंदूच्या खऱ्या लहरींची वारंवारता फारच कमी असते आणि अशा लहरी समुद्रात बऱ्याच खोल उतरू शकतात, असा आक्षेप जाणकार वाचक घेईल. म्हणून कथेतील लहरींची वारंवारता जास्त आहे, हे एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे.

तिसऱ्या पायरीत पात्रांनी हा नियम प्रयोगाने शोधावा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी अतींद्रिय शक्ती तपासण्यासाठी वापरलेल्या झेनर पत्त्यांचा येथे उपयोग होतो. पाच चिन्हांचे प्रत्येकी पाच, असे ते २५ पत्ते असतात आणि नुसत्या अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. मनकवडा पंचवीसच्या पंचवीस सांगतो. पण पत्ता कोणीही न पाहता पालथा ठेवला की तो पाचाच्या आसपास घसरतो. त्याला पत्ते दिसत नाहीत, माणसे दिसतात, हे शास्त्रज्ञबाईंच्या लक्षात येते आणि वाचकाच्याही.

विनोद आता मागून आणावा लागत नाही. योजना आखायची तर सत्तरीच्या माणसांनी दोनापावलाच्या समुद्रात बुड्या मारायच्या, आणि दम सरला की योजना अर्धवट राहायची. हिशेबनीस गावच्या जत्रेच्या नाटकात काम करतो आणि सतत मनात संवाद घोकतो. "पहाटे गडाचा दरवाजा उघडेल" हे ऐकून मनकवडा रात्रभर गड शोधत फिरतो. आणि भत्त्याचे ते बिल खरोखर कोणी दडवले, हे मनकवडाच सर्वांसमोर सांगून टाकतो. पात्रांनी एकमेकांना "बाब", "बाय" म्हणावे, पण विनोदासाठी कोकणीची नक्कल करू नये; गोव्यातील वाचकाला ती लगेच खटकते.

शेवटाकडे वळताना पावसाळा आणावा. जूननंतर मांडवीच्या मुखाकडे गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि खाडीची क्षारता झपाट्याने उतरते. पणजीजवळ बुडी मारून मन लपवण्याची युक्ती ऐन लढाईत निकामी होते. आता एकच मार्ग उरतो: पूर्ण योजना कोणालाच ठाऊक नसावी. प्रत्येकाने जहाजावरचे आपले जुने काम तेवढे करावे आणि बाकीचे तिघे काय करतील हे न विचारता गृहीत धरावे. न बोलणारे दोघे येथे सर्वांत उपयोगी ठरतात, कारण एकमेकांचा विचारही न करण्याची त्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे.

पहिला खर्डा झाल्यावर मनकवड्याचा प्रत्येक प्रसंग वेगळा काढून वाचावा. त्याच्यासमोर कोणाच्या मनात काय होते, याची समासात नोंद करावी, आणि त्याला कळायला हवे होते ते कळलेले दिसत नसेल, तर तो प्रसंग नव्याने लिहावा किंवा त्या पात्राला पाण्यात ढकलावे.